शीग लावून दिलेली लाखोरी

बायकोला जाऊन सव्वा महिना झाला. लोक अजून येतात, ओसरीवर बसतात, चहा पितात आणि म्हणतात, "बाई मोठी अन्नपूर्णा होती." मला चीड येते. ह्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी तिला काय दिलं होतं ते मला माहीत आहे. देणाऱ्यांत मीही होतो. नात म्हणाली, आजोबा, सारखे चिडता, त्यापेक्षा लिहून काढा. मी चौथीपर्यंत शिकलो. जमेल तसं लिहितो.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला, धानाचं. शाळा दोन खोल्यांची, गुरुजी एकच. आमची एकुलती पोर तेव्हा तिसरीत होती. शाळेत दुपारी पोरांना खायला मिळायचं. तालुक्याहून बैलगाडीत पोती यायची, पिवळ्या भरड्याची. मक्याचा होता म्हणत, आणखी कशाकशाचा होता म्हणत. सोबत विलायती तेलाचे डबे. पोत्यावर इंग्रजी अक्षरं, ती गुरुजींनाही पुरती लागत नसत. रिकाम्या पोत्याला गावात फार मागणी होती. भरलेल्याला कोणी विचारत नव्हतं.

तो भरडा शिजवायचं काम माझ्या बायकोकडे आलं, कारण आमची सांदवाडी शाळेच्या कुंपणाला लागून होती. घरामागची भाजीपाल्याची जागा, तिला आम्ही सांदवाडी म्हणतो. तिथं तिनं लावलेली मुनग्याची तीन झाडं होती. मुनगा म्हणजे शेवगा. गुरुजींनी विचारलं आणि तिनं हो म्हटलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

पोती आमच्याकडे येईपर्यंत जुनी झालेली असत. भरड्याला जाळी लागायची, सोंडे व्हायचे. ती चाळून चाळून थकायची. शिजवला की त्याचा घट्ट गोळा व्हायचा आणि वास यायचा, ओल्या पोत्याचा. पोरं दोन घास खात, बाकीचं शाळेमागं टाकत. तिथं कुत्री यायची, वास घ्यायची आणि निघून जायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "अजी, पोट्टे खात नाईत."

मी म्हटलं, "उपाशी असन तर खातीन."

"उपाशी हायेत, तरी नाई खात. तेच तर सांगून राहिली." तिनं पदराआडून वाटी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "तुमी खाऊन पाहा."

"मी काहून खाऊ? मी का शाळेत आहो?"

"मंग आपल्या पोरीनं काहून खावं?"

मी वाटी सरकवली आणि बैल सोडायला गेलो. आता वाटतं, तेव्हाच तो एक घास खाल्ला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं डोकं चालवायला सुरुवात केली. भरड्यात मुनग्याचा पाला टाकू लागली, घरचा कांदा टाकू लागली, कधी तरोट्याची कोवळी भाजी. ॲल्युमिनियमच्या ताटल्या धुवायला पाणी फार लागतं आणि विहीर लांब, म्हणून मोठ्या पोरींना पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायला शिकवलं. खाऊन झालं की पत्रावळी आमच्या गाईपुढं. पोरं थोडं जास्त खाऊ लागली. पण तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, "यात डाळ पायजे. घट्ट डाळ. पोट्ट्यायच्या अंगाले काहीतरी लागलं पायजे."

डाळ गावात होतीच. आमच्याकडे बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावर, तूर लावतात, सगळ्या धुऱ्यावर, एक हात जागा सोडत नाहीत. होळीच्या आधी ती खळ्यावर येते. त्याच्या आधीच बायको घरोघरी गेली. तिचं मागणं साधं होतं. प्रत्येक घरानं खळ्यावरून एक पायली तूर शाळेला द्यायची. दुसरं काही नको.

गाव एकदम हो म्हणालं. एवढ्या लवकर हो म्हणालं तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. मला आली होती. मी बोललो नाही.

इथं लाखोरीबद्दल सांगावं लागेल. धान पिवळं पडायला लागलं की त्याच्या पायातच ओल्या मातीत लाखोरी फेकतात. नांगर नको, पाणी नको, धान कापून नेलं की मागं लाखोरी हिरवी उभी राहते. तिचा पाला खातो, वाळवून ठेवतो, तिच्या डाळीचे वडे आमच्या प्रत्येक सणाला. गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मग शिजवायची. अशी अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही, आम्ही पिढ्यान्पिढ्या खातो आहोत. पण दुसरं काही न खाता महिनोन्महिने लाखोरीच खाल्ली की माणसाचे पाय जातात. गुडघे वाकतात ते सरळ होत नाहीत. म्हणून सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. विकता येत नाही, पण उगवते तर ढीगभर. प्रत्येकाच्या घरात लाखोरीचं पोतं पडलेलं असायचं.

माझा सासरा दोन काठ्यांवर चालायचा. एका वाईट साली तो मोठ्या घरी नोकर होता, आणि मजुरीत त्याला लाखोरी मिळायची. चार महिने घरात दुसरं काही नव्हतं. माझी बायको तेव्हा सात-आठ वर्षांची. बापाला हाताला धरून बोडीवर आंघोळीला नेणं हे तिचं रोजचं काम होतं. बोडी म्हणजे आमचं छोटं तळं. उतारावर त्याचे पाय कसे कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, हे तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. परत कधी काढलं नाही.

तर तूर खळ्यावर आली, लाखोरीही आली, आणि आमच्या गावानं शाळेला शीग लावून लाखोरी दिली.

आमच्याकडे विकायचं माप सपाट असतं, काठावरून हात फिरवून. द्यायचं माप शीग लावून, वर टेकडी उभी करून. प्रत्येक घरानं टेकडी उभी केली. सांडेपर्यंत भरली. छाती पुढं काढून लोक दुरड्या घेऊन शाळेत गेले. शाळेला दान दिलं! तूर मात्र कोठीत गेली.

आणि मी? ती बोडीवर कपडे धुवायला गेली होती. मी आमची दुरडी घेतली, लाखोरीच्या पोत्यात पायली बुडवली, वर शीग लावली आणि शाळेच्या ओसरीवर इतरांच्या दुरड्यांत ठेवून आलो. का? तूर मला आवडते म्हणून. वरणावर तूप घेऊन भात खायला मला आवडतो म्हणून. ह्यापेक्षा मोठं कारण नव्हतं. बाकी सगळे लाखोरी देत होते, मग मीच काय बह्याड होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुराट्यांचा भारा घेऊन शाळेत गेलो. तूर झोडली की तिच्या काड्या उरतात, त्या तिला चुलीसाठी हव्या असत, जंगलातून लाकूड तोडायचं नाही म्हणून. भारा डोक्यावर होता आणि पाहतो तर ओसरीवर तालुक्याचा साहेब. तपासणीला असा न सांगता कधी आला नव्हता, नेमका त्या दिवशी आला. जीप बाहेर उभी. साहेबानं एका दुरडीत हात घातला होता.

"ही लाखोरी आहे," तो गुरुजींना म्हणाला. "पोरांना लाखोरी खायला घालता?"

गुरुजी लगेच म्हणाले, "साहेब, मला कल्पना नाही. बाईंनी गोळा केली."

माझी बायको मुनग्याचा पाला पदरात घेऊन तेवढ्यात आली. तिनं दुरड्या पहिल्यांदाच पाहिल्या. एकेक झाकण उचलत गेली. लाखोरी, लाखोरी, लाखोरी.

"साहेब, हे मी शिजवणार नाई," ती म्हणाली. "माह्या बापाचे पाय याच्यानंच गेले. मी मांगतली होती तूर. लोकायनं..."

आणि थांबली. तिच्या हाताखाली आमची दुरडी होती. ती तिनंच विणून घेतली होती, तिनंच शेणामातीनं लिंपली होती, काठाला लाल कापडाची पट्टी तिनंच शिवली होती. तिनं झाकण उचललं. मग माझ्याकडं पाहिलं.

मी भारा डोक्यावर घेऊन उभा. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, साहेब, तिचा दोष नाही, आम्ही दिली. जीप पाहून गाव जमलं होतं, समोर उभं होतं. गुरुजी समोर होते. मी भारा खालीसुद्धा ठेवला नाही.

"मग ठेवलीत कशाला इथं?" साहेबानं विचारलं.

तिनं झाकण परत ठेवलं. बोलली असती तर नवऱ्याचं नाव निघालं असतं.

साहेबानं वहीत लिहिलं. बाहेरचा कुठलाही पदार्थ शाळेच्या आवारात शिजणार नाही. फक्त पोत्यातलं. आणि ह्या बाई उद्यापासून नकोत. जीप गेली. पोरं खिडकीतून पाहत होती, त्यात आमची पोर होती.

त्या दुपारी तिनं माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दुरड्या उचलल्या. एक डोक्यावर, एक कंबरेवर. आणि गावात निघाली. मी मागं मागं गेलो, लांबून, लाज वाटत होती तरी गेलो. प्रत्येक दारात ती दुरडी ठेवायची आणि म्हणायची, "तुमचं तुमाले."

एक म्हातारी म्हणाली, "काहून व, कमी पडली का?"

"नाई, मावशी. लई झाली."

एक जण खाटेवरून उठलाही नाही. "देल्लं तर देल्लं, वरून नखरे. पोट्टे का राजाचे आहेत?"

"भाऊ, आज तुमच्या घरी काय शिजलं?"

"वरण-भात. काहून?"

"कायचं वरण?"

"तुरीचं. आनखी कायचं राहते?"

"मंग तुमचा पोट्टा घरी तूर खाते आन् शाळेत लाखोरी काहून खाईन? दारातून शाळेत गेला का त्याचे पाय बदलतात का?"

तो उठून बसला. त्याची बायको दारामागून हसली, तेही मला ऐकू आलं.

सगळ्या दुरड्या पोचवून झाल्यावर शेवटची उरली. ती तिनं माझ्यापुढं ठेवली.

"तुमची."

मी म्हटलं, "तूर पाव्हण्यासाठी ठेवली होती."

"कोनता पाव्हणा येऊन राहिला?"

"येतच राहतात कोणी ना कोणी."

"आपली पोर बी त्याच पंगतीत बसते," ती म्हणाली. "तुमाले आठवलं नाई?"

खरं सांगतो, नव्हतं आठवलं. पायली बुडवताना मला शाळा दिसली, गाव दिसलं, आपली पोर दिसलीच नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी मला लाखोरीचं वरण. फक्त मला. ती आणि पोर तूर खात. माझ्या लाखोरीला ती नीट गरम पाण्यात भिजवायची, पाणी फेकायची, काळजीनं शिजवायची, मीठ-तिखट बरोबर. पण लाखोरीच. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ताट सरकवलं.

"किती दिस चालन हे?"

"पायली सरेपर्यंत. शीग लावली होती ना तुमी?"

पोर खाली मान घालून हसली. मला राग आला, पण कोणावर काढू? आठव्या दिवशी मी कोठीतून तूर काढली. पायली भरली, शीग लावली, तिच्यापुढं ठेवली. तिनं माप दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं. तूर खाली बसली, शीग नाहीशी झाली. "आता भरा," ती म्हणाली. मी भरलं. तिनं परत हलवलं. मी परत भरलं. तिसऱ्यांदा शीग उभी राहिली तेव्हा तिनं दुरडीत ओतलं.

इकडं शाळेत गुरुजी स्वतः भरडा शिजवत होते. गुरुजी हुशार माणूस, पण चुलीपुढं अगदी कच्चा. खालून करपलेलं, वरून कच्चं. पोरं ते मुठीत धरून बाहेर आणायची आणि चिमण्यांपुढं टाकायची.

बायको म्हणाली, "शाळेच्या आवारात नाई शिजवायचं ना? मंग कुंपनाच्या अल्याड कोनाची मनाई हाये?"

सांदवाडीत मुनग्याखाली तिनं चूल मांडली. घरचा मोठा गंज ठेवला, म्हणजे आमचं भात रांधायचं जाड पातेलं. आमची तूर, ढेकीवर पायानं कांडलेला लालसर तांदूळ, मुनग्याच्या शेंगा, पाला. ढेकीचाच तांदूळ हवा म्हणे, गिरणीतला पांढरा तांदूळ म्हणजे कोंडा काढून उरलेला चोथा. मी म्हटलं, सगळी दुनिया गिरणीत जाते. ती म्हणाली, मग दुनियेला सांदवाडीत बोलवू नका.

पहिल्या दिवशी दुपारी आमची पोर कुंपण ओलांडून आली, सोबत दोन मैत्रिणी. दुसऱ्या दिवशी सात-आठ. तिसऱ्या दिवशी अर्धी शाळा. बाभळीचं काटेरी कुंपण, पोरं त्यातून वाकून, सरपटत यायची, हातात पत्रावळी. कोणाच्या पिंढऱ्या ओरबाडल्या, कोणाचा सदरा फाटला. गुरुजी ओसरीत उभे राहून दुसरीकडं पाहायचे. पोरं घरी जाऊन सांगू लागली. मग एका सकाळी तो खाटेवरचा माणूस आला, डोक्यावर पायली. ठेवून गेला. मी वाकून पाहिलं. तूर होती. शीग लावलेली.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी आलं. सगळे आले असं मी म्हणणार नाही. दोन घरं शेवटपर्यंत आली नाहीत, त्यातलं एक गावातलं सगळ्यात मोठं घर. आता त्याच घरचा माणूस ओसरीवर बसून अन्नपूर्णा म्हणतो.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी साहेब परत आला. जीपचा आवाज आला तसा मी चुलीकडं धावलो. मी तिला म्हटलं, "अवं, गंज आत घे. लवकर."

"काहून? चोरी करून राहिली का मी?"

साहेब शाळेत शिरला. वर्गात कोणी नव्हतं. गुरुजी एकटे फळ्यापुढं. साहेबानं खिडकीतून पाहिलं तर सगळी शाळा कुंपणापलीकडं मुनग्याखाली पंगत मांडून बसलेली. तो कुंपणापाशी आला.

ह्या वेळी मी पुढं झालो. मी म्हटलं, "साहेब, त्या टाइमाले लाखोरी गावानं देल्ली होती. माह्या घरची दुरडी मीच ठेवली होती. हिला माहीत नव्हतं." एवढं बोलायला मला दीड महिना लागला होता.

साहेबानं गंजाकडं पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "काय शिजवलंय?"

"बसा, मंग सांगते," ती म्हणाली. तिनं पत्रावळ मांडली. साहेबाला कुंपण ओलांडता येईना, पँट अडकली. दोन पोरींनी काटे बाजूला धरले. तो पोरांच्या पंगतीत बसला आणि जेवला. शेंगा चोखून चोखून खाल्ल्या. दुसऱ्यांदा भात घेतला. तपासणीची वही जीपमध्येच होती.

हात धुऊन तो शाळेकडं गेला आणि गुरुजींना म्हणाला, "मी इथं काही पाहिलेलं नाही. समजलं? पण हे काटेरी कुंपण काढा. पोरांचे पाय फुटतात."

एवढंच. शाबासकी नाही, कागद नाही, परवानगी नाही. अजून माझं डोकं तापतं. लेकरांना नीट जेवू घालायला ह्या देशात साहेबाला काही न पाहिल्यासारखं करावं लागतं. बायको मात्र खूश होती. तिला कुंपण निघाल्याशी मतलब. दुसऱ्या दिवशी मी आणि गुरुजींनी ते उपटलं. गंज शाळेच्या बाजूला आहे का आमच्या, हे मग कोणी विचारलं नाही. पुढं बरीच वर्षं ती शिजवत राहिली. पोत्यातला भरडा बंद झाला, दुसरी योजना आली, तीही गेली, गुरुजी बदलले. मुनग्याच्या फांद्या तोडून तिनं शाळेभोवती लावल्या, त्या जगल्या.

आणि मला तिनं माफ केलं का? माहीत नाही. कधी बोलली नाही. पण दरवर्षी तूर खळ्यावर आली की ती येऊन उभी राहायची. शाळेची पायली मी भरायची आणि तिनं हलवायची. मी म्हणायचो, आता किती वर्षं झाली, अजून भरवसा नाही का? ती म्हणायची, "तुमच्यावर हाये. तुमच्या हातावर नाई." तिचे गुडघे दुखायला लागले तरी काठी टेकत यायची. मागल्या वर्षीही आली होती.

ह्या वर्षी तूर खळ्यावर आली तेव्हा ती नव्हती.

मी अंगणवाडीतल्या बाईला बोलावलं. तिच्याकडं आता पाकिटं येतात, पण ती डाळ घेते, तिची आई आमच्या सांदवाडीत जेवलेली आहे. तिनं पिशवी धरली. मी पायली भरली, शीग लावली. मग माप दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. शीग बसली. भरलं, हलवलं. परत भरलं. तिसऱ्यांदा शीग उभी राहिली. बायको तिसऱ्यांदा थांबायची, हे मला माहीत आहे. मी परत हलवलं, परत भरलं.

बाई म्हणाली, "बाबाजी, पुरे झालं. सांडून राहिली."

मी म्हटलं, "सांडू दे."